खोटी झीज

रविवारी सकाळी मुलीचे बूट पालथे करून बघायची तिची सवय जुनी होती. त्या रविवारी तिने दारामागच्या फळीवरून डावा बूट उचलला, पालथा केला आणि तिचा हात तसाच थांबला. सोल झिजला होता, पण भलत्याच ठिकाणी. तिची मुलगी धावताना पाऊल आधी बाहेरच्या कडेवर टेकवायची आणि मग आत वळवायची. चालायला लागली तेव्हापासून ती तशीच टेकवत आली होती. त्यामुळे तिच्या बुटाची झीज करंगळीच्या मागे सुरू होऊन तिरकी अंगठ्याकडे जायची, आणि मुलीचा चेहरा ओळखावा तशी ती झीज आई ओळखायची. हा बूट मात्र सगळीकडून सारखाच घासला गेला होता. टाचेवर, चवड्यावर, अगदी मधल्या त्या खोलगट भागातसुद्धा, जिथे जमीन कधी लागतच नाही. तिने अंगठा फिरवून पाहिला. ओरखडे आडवे होते. धावणाऱ्या माणसाच्या बुटावर ओरखडे उभे उमटतात. म्हणजे कुणीतरी हा बूट हातात धरून भिंतीवर घासला होता.

"झालं का बघून?" आतून मुलगी ओरडली. तोंडात घास होता.

"झालं."

"मग? काय म्हणतायत?"

"बरेच झिजलेत."

"झिजणारच. पळते किती मी!"

इतक्या सहज म्हणाली की क्षणभर आईलाच आपल्या अंगठ्याची शंका आली. मुलीला घरात आणि मैदानावर सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती घरभर गरगर फिरायची म्हणून हे नाव पडलं आणि पुढे ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावू लागली तेव्हा ते तिला आणखीच शोभलं. आता ती एकोणीस वर्षांची होती आणि पुढच्या रविवारी तिची निवड-शर्यत होती. पहिल्या चार जणी संघात जाणार होत्या. आईने बूट पुन्हा फळीवर ठेवला, नीट, नाड्या आत खोचून, परक्याच्या घरातली वस्तू उचलून पाहिल्यावर ठेवतात तसा. मग हात धुतले. हाताला काही लागलं नव्हतं तरी धुतले. नवऱ्याच्या खिशात काही भलतंसलतं सापडलं असतं तर तिला आधी हसू आलं असतं, कारण त्या सरळ माणसाला असलं काही जमलंच नसतं. पण बूट? भिंगरीच्या पायात तिने केलेल्या बुटाशिवाय दुसरा बूट कधी गेला नव्हता. निदान कालपर्यंत तिची तशी समजूत होती.

ती एका बुटांच्या कारखान्यात नमुने करायची. माणसाच्या पायाचा आकार लाकडात उतरवायचा, त्या लाकडी पायाला कलबूत म्हणतात, आणि मग त्यावर कागद चढवून बुटाचे तुकडे कसे कापायचे ते ठरवायचं, हे तिचं काम. शिलाईवाल्यांपासून साहेबापर्यंत सगळे तिला मास्तरीण म्हणत. कारखान्याचा धावायचा बूट तिचा होता, पातळ सोलचा, हलका, मुठीत चुरगळला तर चुरगळेल असा. जमीन पायाला कळली पाहिजे, असं ती नव्या माणसांना सांगायची. एके काळी धावणारी पोरं कारखान्यात येऊन तिला म्हणत, पायात काही घातलंय असं वाटतच नाही हो, आणि याहून मोठी शाबासकी तिला ठाऊक नव्हती. भिंगरीच्या प्रत्येक वाढत्या पायाचं तिने वेगळं कलबूत केलं होतं. कोऱ्या कागदावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची. पेन्सिल पायाच्या आतल्या कमानीपाशी आली की पोरगी किंचाळायची, आई, गुदगुल्या, आणि पाय ओढून घ्यायची, की रेघ बिघडायची, की पुन्हा नवा कागद. मुद्दाम बिघडवायची लबाड. आणि मास्तरीणही मुद्दाम पेन्सिल तिथेच घुटमळवायची. पुढे एके वर्षी भिंगरी म्हणाली, दे इकडे, माझी मी काढते, आणि आपल्या खोलीत जाऊन रेघ काढून कागद आणून दिला. रेघ स्वच्छ होती. एकदाही हलली नव्हती. मास्तरणीने त्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं होतं.

सोमवारी कामावर ती कागद कापत होती आणि मागच्या महिन्यातली एक दुपार एकाएकी तिच्यासमोर उभी राहिली. साहेबाने मैदानावरच्या काही मुलामुलींना कारखान्यात बोलावलं होतं. हल्ली तरण्या पोरांची आवड पार पालटली होती. त्यांना जाड सोलचे, फुगीर, पावासारखे दिसणारे बूट हवे असत. आत फोम, फोमच्या पोटात एक वाकडी कडक पट्टी, पाऊल टेकलं की उसळी. खपाचे आकडे साहेबाला हे सांगतच होते, तरी त्याला पोरांच्या तोंडून ऐकायचं होतं. तीन जोड मांडले होते. दोन जाड, एक मास्तरणीचा. पोरं मागच्या अंगणात धावून आली आणि सगळ्यांचे हात जाड बुटांकडेच गेले. एक उंच, कानात बाळी घातलेला मुलगा तिचा बूट नाकापाशी धरून म्हणाला, "हा कोणाचा? ह्यात खडा लागला ना, की खड्याचं वय कळतं." सगळे हसले. साहेब हसला. मास्तरीणही हसली, कारण न हसून सांगते कुणाला? मग एक शांतशी मुलगी म्हणाली, "मी आधी असलेच घालायचे. दुखलं की वाटायचं, चला, मेहनत होतेय. आता दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतो." तेव्हा मास्तरणीला राहवलं नाही. "माझी मुलगी पातळच घालते," ती म्हणाली, "आणि तुम्हा सगळ्यांच्या पुढे असते." पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बाळीवाला मुलगा खाली वाकून, सुटली नव्हती ती नाडी बांधू लागला. तेव्हा तिला वाटलं होतं, गप्प बसले, कसे गप्प बसले. आज कात्री चालवता चालवता तिचे कान तापले. ती सगळी पोरं भिंगरीच्याच मैदानावर धावत होती. त्या दुपारी तिथे एकटी तीच होती जिला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी ती लवकर निघाली आणि मैदानावर गेली. आत गेली नाही. जाळीच्या कुंपणाबाहेर पाण्याच्या टाकीशी उभी राहिली. ऊन उतरत होतं, आणि धावपट्टीवर पोरं एकापाठोपाठ वळण घेत होती. त्यांच्या पावलांचा आवाज तिला अनोळखी वाटला. पातळ सोल जमिनीवर चटचट वाजतो. हा आवाज जाड होता, उशी थोपटल्यासारखा. भिंगरी धावत नव्हती. ती सिमेंटच्या पायरीवर बसली होती, आणि खालच्या पायरीवर बसलेल्या एका बाईच्या मांडीवर तिचा उघडा पाय होता. बाईने मान वळवली नाही तरी मास्तरणीने तिला ओळखलं. टाचणी. हे नावही मास्तरणीचंच देणं. शिकाऊ म्हणून कारखान्यात आली तेव्हा ती एवढी काटकुळी होती आणि कामाच्या वेळी ओठांत टाचण्या धरायची. मास्तरणीने तिला हाताला धरून शिकवलं होतं. घरी जेवायला आणलं होतं, आणि लहानगी भिंगरी तिच्या पाठीवर बसून घरभर फिरली होती. डोळे मिटून पाय चाचपायला तिला मास्तरणीनेच शिकवलं होतं. डोळ्यांना फक्त पाय दिसतो, दुखतं कुठे ते हाताला कळतं. मग टाचणी दुसऱ्या कंपनीत गेली. निघताना रडली, आणि तिथे जाऊन जाड सोलचे बूट करू लागली. त्यानंतर दोघींचं बोलणं राहिलं नव्हतं.

आणि आता ती डोळे मिटून भिंगरीचा पाय दाबत होती. तिचा अंगठा नडगीच्या आतल्या बाजूने हळूहळू वर सरकत होता, एका जागी थांबत होता, पुन्हा सरकत होता. एके ठिकाणी भिंगरीने तोंड वाकडं केलं, मान हलवली आणि बोलू लागली. पुष्कळ बोलली. ऐकू काहीच येत नव्हतं, पण तिचे हात दिसत होते: इथून सुरू होतं, मग असं वर जातं, मग झोपतानासुद्धा. टाचणी डोळे मिटूनच ऐकत होती. मग काहीतरी म्हणाली, आणि भिंगरी मान मागे टाकून हसली. पाय तिथेच होता, त्या मांडीवर. तिने तो ओढून घेतला नाही. कुंपणाची तार मास्तरणीच्या बोटांत रुतली होती. तिला वाटलं आत जावं, दोघींच्या मध्ये उभं राहावं, आणि म्हणावं... पण काय म्हणावं हे तिला सुचेना. माझा पाय आहे तो, हेच शब्द ओठांवर येत होते, आणि हे शब्द बरोबर नाहीत एवढंही तिला कळत होतं.

संध्याकाळी भिंगरी घरी आली ती आईचे पातळ बूट घालून. दारात ते काढले, फळीवर ठेवले.

"पाय दुखतात का गं?" मास्तरणीने विचारलं.

"छे! मला काय धाड भरलीय?"

जेवणं झाली, मुलगी खोलीत गेली, आणि मास्तरीण नवऱ्यासमोर जाऊन बसली. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. घरी आला तरी त्याच्या खिशात कुणाचा ना कुणाचा चष्मा असायचा, आणि बोलताना तो त्याच्या काचा पुसायचा. त्याचं दुकान मैदानाच्या वाटेवर होतं, हे तिने आज मैदानावरून परत येताना पहिल्यांदाच नीट लक्षात घेतलं होतं.

"बूट तुझ्या दुकानात असतात," ती म्हणाली.

तो काच पुसायचा थांबला. खोटं बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो फक्त गप्प राहायचा. "गल्ल्याखाली असतात," तो म्हणाला. "ती जाताना बदलते. येताना पुन्हा बदलते."

"किती दिवस?"

"मागच्या थंडीपासून. तिची नडगी फार दुखायची गं तेव्हा. दुकानात येऊन स्टुलावर बसायची आणि रडायची. गिऱ्हाईक असलं तर आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन रडायची."

"माझ्यापाशी का नाही रडली?"

"तू बूट करतेस ना," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि ते एवढं हळू की त्यात आरोप नव्हता. मग जणू काही राहिलं असं वाटून पुढे म्हणाला, "तुझ्यापाशी रडली असती तर तुझ्या बुटांबद्दल रडल्यासारखं झालं असतं. तिला ते नको होतं. तुला दुखेल म्हणाली."

"आणि बूट घासायची अक्कल कोणाची?"

त्याने चष्मा मिटला, पुन्हा उघडला. "माझी. गिऱ्हाईक नसलं की मागच्या भिंतीवर मीच घासतो."

"आडवे घासलेस."

"काय?"

"उभे घासायला हवे होते," ती म्हणाली आणि उठून गेली. बिछान्यावर पडल्यावर तिला दिसत राहिलं ते एवढंच: हा टक्कल पडलेला, भला माणूस दुकानाच्या मागच्या बोळात उभा राहून तिने केलेला बूट भिंतीवर घासतोय, इकडेतिकडे बघतोय, पुन्हा घासतोय. तिच्या सुखासाठी. सगळ्यांनी मिळून तिला किती सांभाळलं होतं! आजारी माणसाला सांभाळतात तसं. त्या सांभाळण्याचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी यायचंसुद्धा राहून गेलं. पण राग नवऱ्यावर टिकेना, मुलीवर टिकेना. तो वळून वळून त्या मिटलेल्या डोळ्यांपाशी जायचा. पोरीने आपलं दुखणं उचलून त्या बाईच्या हातात दिलं होतं. बूट कुणाचेही घालू दे, जाड घालू दे, पातळ घालू दे. दुखणं का दिलं तिला?

बुधवार-गुरुवार तिने काय केलं हे तिला नंतर आठवेना. भिंगरी सकाळी जायची, संध्याकाळी यायची, हसायची, भूक लागली म्हणायची. मास्तरीण तिच्या पायांकडे बघायची. मोज्यांवर पडलेले वळ वेगळे होते, हे आता तिला दिसत होतं. कोणत्या शिवणीने कुठे वळ पडतो हे ठाऊक असणाऱ्या बाईला इतके महिने ते दिसलं नव्हतं. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत ती नवऱ्याच्या दुकानात गेली. तो आतल्या अंधाऱ्या खोलीत कुणाचे तरी डोळे तपासत होता. पडद्याआडून त्याचा आवाज येत होता, "आता सांगा, हे बरं की हे? हे... की हे?" गल्ल्याखाली चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांमागे ते बूट होते. फिकट निळे. तिने एकच उचलला, डावा, आणि पिशवीत टाकला. एक घेतला काय आणि दोन घेतले काय, धावणारीला सारखंच, असा काही विचार तिच्या मनात आला नाही. कापून बघायला एकच लागतो, एवढंच तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कंपनीचा बूट आला की तो करवतीखाली धरून मधोमध चिरायचा, आत काय दडलंय ते बघायचं, हे कारखान्यात नेहमीचंच होतं. तिने आयुष्यात कितीतरी बूट चिरले होते.

करवतीच्या खोलीत कोणी नव्हतं. पट्टा फिरू लागला आणि तिने बूट टाचेकडून पुढे सरकवला. फोम कापताना आवाजच झाला नाही. मग पट्टी लागली तेव्हा करवत किंचाळली आणि जळक्या रबराचा वास आला. दोन भाग दोन बाजूंना पडले. आत सोल पांढराशुभ्र होता, बारीक बारीक छिद्रांचा. तो हाताला लागला तेव्हा गरम होता, करवतीमुळे गरम, पण तिचा हात दचकला. आणि मग तिला ते दिसलं. आतल्या अस्तराखाली, पायाच्या कमानीच्या जागी, लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा, नमद्याचा, एक चंद्रकोरीसारखा तुकडा हाताने शिवला होता. कारखान्यात बूट असे करत नाहीत. भिंगरी लहान असताना तिच्या सपाट कमानीसाठी मास्तरणीने जुन्या कोटाचा नमदा कापून अशीच कोर बसवली होती. ही युक्ती तिची स्वतःची होती, आणि ती तिने एकाच माणसाला दाखवली होती. टाकाही तोच, उलटा, बारीक, गाठ आत लपवलेली. टाचणीने तो बूट भिंगरीसाठी हाताने शिवला होता. मास्तरणीच्याच हाताने, म्हटलं तरी चाललं असतं. म्हणजे पोरगी परक्याच्या बुटांत धावत होती असंही नव्हतं! उलट यानेच तिचा जीव आणखी जळला. चोराने घरातलं सामान नेलंच, आणि वर ते इतकं जपून वापरलं की चोर म्हणायलाही जागा ठेवली नाही. ती उभी राहिली, दोन हातांत दोन अर्धुकं घेऊन. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली. आणि तेव्हा कुठे तिला आठवलं की परवा शर्यत आहे.

लपवावं असं तिच्या मनात आलं. खरं तर वाटेत दोन ठिकाणी ती कचऱ्याच्या पेटीपाशी थांबलीसुद्धा. पण घरी गेल्यावर तिने ती अर्धुकं जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि समोर बसून राहिली. भिंगरी धापा टाकत आली. बाबांच्या दुकानात बूट शोधून, बाबांना रडकुंडीला आणून आली होती. टेबलापाशी आली आणि थांबली. ओरडली नाही. तिने दोन्ही भाग उचलले, एकमेकांना जुळवून धरले, जणू धरून ठेवले तर चिकटतील, आणि मग हळूच सोडून दिले.

"का?" ती म्हणाली.

मास्तरणीला पुष्कळ सांगायचं होतं. ती म्हणाली, "तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"दुसरे केले असते. जाड केले असते. रात्रंदिवस बसले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," भिंगरी म्हणाली. "मला बूट हवे होते आई. तुझं रात्रंदिवस नको होतं." मग तिने नाक पुसलं, मनगटानेच, लहानपणी पुसायची तसं. "आता फोन कर तिला."

"कोणाला?"

"तुला माहितीये कोणाला. मी नाही करणार. तू कापलास, तू कर."

मास्तरणीने फोन केला. आठ वर्षांनी टाचणीचा आवाज कानात आला, आणि तो जराही बदललेला नव्हता. काय झालं ते सांगताना तिने एकही सबब दिली नाही, तेवढा ताठा तिच्यात उरला होता. मग टाचणी म्हणाली, "ताई, चिरलात म्हणजे मधोमध चिरलात का?"

"हो."

"फोम टाचेशी दबून बसलाय का हो? मला तीच धास्ती होती." आणि मग स्वतःलाच उमगून, "जाऊ दे. उद्या आणते दुसरा जोड. पण नवा असेल, पायाला बसलेला नसेल. सांगून ठेवते."

मास्तरणीला तिचा राग यायला हवा होता, पण त्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिला देता आलं असतं. फोम टाचेशी खरंच दबून बसला होता. तिने दिलं नाही.

शनिवारी टाचणी आली. आता ती तेवढी काटकुळी राहिली नव्हती, कानांपाशी दोन-चार केस पिकले होते, आणि त्याने ती उलट चांगली दिसत होती. दारात तिने मास्तरणीचे दोन्ही हात धरले. मग खोलीत जमिनीवर बसली, भिंगरी खुर्चीवर, आणि नवे बूट चढले, उतरले, पुन्हा चढले. नवरा चहाचे कप घेऊन उगाच मध्ये मध्ये येत होता. मास्तरीण भिंतीला टेकून उभी होती. आपल्याच घरात आपल्याला उभं राहायला जागा उरली नाही, असं तिला वाटत होतं. टाचणीने डोळे मिटले, कमानीखाली बोट घातलं आणि म्हणाली, "इथे पोकळ राहतंय. कोर बसवायला हवी. ताई, घरात नमदा आहे का? माझ्याकडचा संपलाय. आज शनिवार, दुकानंही बंद."

नमदा होता. त्याच खोलीत, कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या कोटाचा उरलेला अखंड तुकडा, कापराच्या गोळ्या घालून ठेवलेला. मास्तरणीला तो डोळ्यांसमोर दिसत होता. त्याचा रंग, कापलेली कड.

"नाही," ती म्हणाली.

"थोडासुद्धा?"

"होता. संपला."

कोणी संशय घेतला नाही. घेणार कशाला? टाचणीने पट्टी बांधायचं मऊ कापड घडी करून अस्तराखाली सरकवलं, दोन टाके घातले, आणि म्हणाली, धावताना सरकू नये म्हणजे झालं. भिंगरी खोलीत इकडून तिकडे धावली, उसळत, आणि म्हणाली, चालेल. मास्तरणीने चहाचे कप उचलले आणि आत जाऊन नळ सोडला. ती स्वतःला सांगत राहिली की आता जाऊन खण उघडावा, अरे, हा बघ सापडला, म्हणावं, एवढी साधी गोष्ट. नळ वाहत राहिला. बाहेर टाचणीचा निरोपाचा आवाज आला, दार लागलं, आणि ती साधी गोष्ट करायची वेळ निघून गेली.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर गर्दी होती. सुरुवातीच्या रेषेशी मुली उभ्या राहिल्या तेव्हा मास्तरणीने नेहमीप्रमाणे त्यांच्या पायांकडे पाहिलं: गुलाबी, पोपटी, नारिंगी, फुगीर, जाड. एकही पातळ बूट नव्हता. एकही! शेताला एकाच जातीचं पीक यावं तसे ते पाय दिसत होते. आपण हरलो आहोत हे तिला तिथे स्पष्ट कळलं, आणि गंमत म्हणजे त्याचं फारसं काही वाटलं नाही. बूट गेले तर गेले. ती कुंपणाला टेकून वळणापाशी उभी राहिली. टाचणी पलीकडे, शेवटच्या रेषेजवळ, हातात पाण्याची बाटली घेऊन. नवरा वर पायऱ्यांवर, कुणाचा तरी चष्मा पुसत.

भिंगरी सुरेख धावली. पहिल्या फेऱ्यांत ती दुसरी होती, खांदे सैल, तोंड मिटलेलं, आणि ते जाड बूट तिला खरंच उचलून पुढे टाकत होते. मास्तरणीलाही ते दिसलं. मग अर्ध्याच्या पुढे काहीतरी बिनसलं. डावं पाऊल टेकताना भिंगरीची हनुवटी किंचित वर जाऊ लागली. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. ती तिसरी झाली. मग बाळीवाल्या मुलाने ओरडून धीर दिला तरी शेवटच्या वळणावर चौथी झाली, आणि पाचवी मुलगी तिच्या खांद्याशी आलेली असताना, दात आवळून, जेमतेम अंगभर अंतराने तिने रेषा ओलांडली. चौथी. संघात बसली. नवरा वर उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

आणि भिंगरी टाचणीकडे गेली नाही. टाचणी दोन पावलं पुढे आली होती, बाटली पुढे करून, पण भिंगरी लंगडत वळली आणि कुंपणाच्या दिशेने आली. कदाचित कुंपण आधाराला बरं म्हणून आली असेल. कदाचित ती कुठे जातेय हे तिलाच कळत नसेल. तिचा चेहरा घामाने आणि धुळीने माखला होता. ती मास्तरणीसमोरच्या गवतावर बदकन बसली.

"आई," ती म्हणाली. "पाय. खूप दुखतोय गं आई."

मास्तरीण कुंपणाच्या फटीतून आत शिरली; साडी तारेला अडकली, फाटली, ती तशीच गेली. गुडघे टेकून तिने बूट काढला, मोजा काढला. घडी घातलेलं कापड सरकून कमानीखाली गोळा झालं होतं, आणि तिथली कातडी सोलून निघाली होती, लालभडक, ओली. मोज्यावर रक्त लागलं होतं. मास्तरणीने तो तळवा दोन्ही हातांत घेतला. कितीतरी वर्षांनी घेतला. तो गरम होता, जड होता, धडधडत होता, आणि भिंगरीने तो ओढून घेतला नाही. उलट सगळा भार तिच्या हातांवर टाकला. मास्तरणीच्या अंगात एक आनंद उसळला. तिला तो ओळखू आला, त्याचं नाव घ्यायचं तिने टाळलं नाही, आणि तरी तो थांबला नाही. हे दुखणं तिच्या खणात पडून राहिलेल्या तुकड्यामुळे झालं होतं. आणि पोरगी ते घेऊन तिच्याकडे आली होती.

"कुठे?" जखम डोळ्यांसमोर असताना तिने विचारलं.

"हे काय, इथे. आणि जरा आत. आतून ठणकतंय."

"इथे?"

"आई गं! हो. तिथेच." भिंगरीने आवळलेले डोळे उघडले आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तू हसतेयस?"

"नाही गं."

"काय झालं? ताई, काय झालंय तिला?" पाठीमागून टाचणीचा आवाज आला. ती गवतातून धावत येत होती, बाटलीतलं पाणी हिंदकळत होतं. मास्तरणीने वळून पाहिलं नाही. ती गुडघ्यांवरच थोडी सरकली, उजवा खांदा पुढे घेतला आणि पाय आणखी जवळ ओढला, येणाऱ्या माणसाला तो दिसू नये इतका.